‘विट्’ नांवाचें मेलेलें क्रियापद आणि आमचा अभिमान

गेल्या हिंवाळ्यांत एका व्याख्यानमालेस जाण्याचा आम्हांस योग आला. सभागृह भरलेलें होतें. पुढच्या रांगांत वयोवृद्ध मंडळी, मागें महाविद्यालयांतील मुलेंमुली, आणि मधोमध आमच्यासारखे, म्हणजे वृद्ध म्हणवून घ्यावयास अद्यापि तयार नसलेले. वक्ते विद्वान, वाणी ओघवती, आणि आवाज असा कीं ध्वनिक्षेपक केवळ शोभेसाठीं. संस्कृताचें जगावर केवढें ऋण आहे हें सांगतां सांगतां त्यांनीं एक वाक्य फेंकलें: इंग्रजांचा बुद्धिवाचक ‘विट्’ हा शब्द आमच्या ‘विद्’ धातूचा अपभ्रंश होय, आमचा ‘द’ त्यांच्या थंडीनें आखडलेल्या जिभेस पेलला नाहीं, म्हणून त्याचा ‘ट’ झाला! टाळ्यांचा असा कांहीं कडकडाट झाला कीं पुढचीं दोन वाक्यें कोणास ऐकूंच आलीं नाहींत. आम्हीं टाळी वाजविली नाहीं. शेजारच्या गृहस्थांनीं आमच्याकडे अशा दृष्टीनें पाहिलें, कीं जणूं राष्ट्रगीत चालू असतां आम्ही बसून राहिलों होतों.

टाळी न वाजविण्याचें कारण सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. ‘विट्’ आणि ‘विद्’ यांचें कांहींच नातें नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. नातें आहे, आणि तें वक्त्यांस वाटलें त्याहूनहि निकटचें आहे. परंतु तें आईलेकीचें नसून बहिणीबहिणींचें आहे. आणि त्या नात्याची खरी गोडी ज्या ठिकाणीं आहे, त्या ठिकाणीं वक्ते फिरकलेच नाहींत. कारण ‘विट्’ हें नाम नंतरचें कौतुक. त्याच्या बरोबरीनें, आणि आमच्या मतें त्याहून मोलाचें, असें एक ‘विट्’ नांवाचें क्रियापद इंग्रजींत हजार वर्षें नांदत होतें व तें मरून आतां तीन शतकें उलटून गेलीं. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला आणि शेवटचा १९२८ सालीं. त्या शेवटच्या भागांत हें क्रियापद आपल्या सर्व गोतावळ्यासह सांपडतें. ज्यास इंग्रजीवर संस्कृताचा हक्क सांगावयाचा आहे, त्यानें निदान तेवढीं पानें उलटावयास हवीं होतीं.

या क्रियापदाचा अर्थ ‘माहीत असणें’ असा होता. आल्फ्रेड राजाच्या काळीं, म्हणजे नवव्या शतकाच्या अखेरीस, ‘मला माहीत आहे’ याला इंग्रज ‘वात्’ म्हणे, ‘आम्हांस माहीत आहे’ याला ‘वितोन्’ म्हणे, आणि ‘माहीत होतें’ याला ‘विस्ते’. चौसर १४०० सालीं वारला. त्याच्या वेळेपर्यंत ‘वात्’चें ‘वोट्’ झालें होतें आणि मध्यमपुरुषीं ‘वोस्ट्’ असें रूप चालत होतें. पुढें छापखाने आले तेव्हां ‘वॉट’ आणि ‘विस्ट’ हीं दोन रूपें मुख्यत्वें उरलीं. बातमी, वस्तुस्थिति, अमुक असें आहे ही गोष्ट ज्ञात असणें, हें या क्रियापदाचें क्षेत्र. माणूस किंवा वस्तु पाहून ओळखण्यास निराळें क्रियापद होतें, त्याचें आजचें रूप ‘नो’. आणि एखादी कला अंगीं असण्यास तिसरें होतें, त्याचें आजचें रूप ‘कॅन’. सीमा कोठें कोठें एकमेकींत मिसळत, पण जुन्या इंग्रजास हीं तीन घरें निरनिराळीं ठाऊक होतीं. जर्मनानें ‘विस्सेन’ आणि ‘केनेन’ हीं दोन घरें आजहि राखलीं आहेत.

याखेरीज या क्रियापदाचे उपयोग पुष्कळ. ‘डू टु विट्’ म्हणजे कळविणें, माहीत करून देणें. १६११ च्या इंग्रजी बायबलांत करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत पौल याच शब्दांनीं वार्ता सांगतो. राजाच्या सल्लागारांची सभा ती ‘विटेनगेमोट’, म्हणजे जाणत्यांची बैठक. ‘विटनेस’ या शब्दाचा आजचा अर्थ साक्षीदार, पण आरंभीं तो नुसता ‘ज्ञान’ या अर्थाचा होता. ज्याला माहीत आहे त्यानेंच साक्ष द्यावी, एवढें शहाणपण त्या अडाणी समजल्या जाणाऱ्या लोकांच्या शब्दांत होतें. १३४० सालीं कँटरबरीच्या एका साधूनें फ्रेंचावरून एक नीतिग्रंथ केंटच्या बोलींत उतरविला, त्याचें नांव ‘अयेनबाइट ऑव्ह इनविट’. ‘इनविट’ म्हणजे आंतलें जाणणें, अर्थात् सदसद्विवेक; आणि ‘अयेनबाइट’ म्हणजे त्याचा पुन्हां पुन्हां होणारा दंश. असले अस्सल घरचे शब्द टाकून इंग्रजांनीं पुढें लॅटिनांतून ‘कॉन्शन्स’ आणि ‘रिमोर्स’ आणले. नवल असें कीं या आणलेल्या शब्दांची फोड केली तर आंत तेंच निघतें: जाणणें आणि पुन्हां चावणें.

आतां गोडीच्या ठिकाणाकडे येऊं. इंग्रजी शाळेंत मुलांस सांगतात कीं ‘ही कॅन’, ‘ही मे’ यांना वर्तमानकाळीं ‘स’ लागत नाहीं, कारण तीं अनियमित आहेत. ‘ही वॉट’ यालाहि ‘स’ लागत नसे. कारण अनियमितपणा नव्हे. कारण हें कीं हीं रूपें मूळचीं वर्तमानकाळाचीं नव्हेतच. तीं भूतकाळाचीं आहेत. ‘वॉट’चा अक्षरार्थ ‘मीं पाहिलें आहे’ असा. आणि पाहिलें आहे म्हणून आतां माहीत आहे. याच धातूचें लॅटिन रूप ‘विदेरे’ म्हणजे पाहणें. आज पाळण्यांतलें मूलहि ज्या ‘व्हिडिओ’साठीं रडतें, तो शब्द त्याच कुळांतला. ग्रीकांत ‘इदेइन्’ म्हणजे पाहणें व ‘ओइद’ म्हणजे मला माहीत आहे. आणि संस्कृतांत? संस्कृतांत ‘वेद’.

येथें ‘वेद’ म्हणजे ऋग्वेदादि ग्रंथ नव्हेत, तर ‘वेद’ हें क्रियापद: मी जाणतों, तो जाणतो. रूप परोक्षभूताचें, अर्थ वर्तमानाचा. परोक्षभूतांत धातूचें द्वित्व होतें, ‘चकार’, ‘बुबोध’; येथें तें होत नाहीं. पाणिनीच्या हें लक्षांत आलें होतें, आणि त्यानें तिसऱ्या अध्यायाच्या चवथ्या पादांत या एका धातूस वर्तमानकाळीं परोक्षभूताचे प्रत्यय विकल्पानें लावण्याची स्वतंत्र मुभा दिली. तेव्हां ‘वेद’ व ‘वेत्ति’ दोन्हीं साधु ठरलीं. पहा कसा योग आहे! ज्या ठिकाणीं संस्कृत वैयाकरणास अपवाद सांगावा लागला, नेमक्या त्याच ठिकाणीं इंग्रजी शाळामास्तरास ‘अनियमित’ म्हणून सुटका करून घ्यावी लागते. एकवचनीं ‘वेद’ परंतु बहुवचनीं ‘विद्म’. एकवचनीं ‘वात्’ परंतु बहुवचनीं ‘वितोन्’. स्वराचा हा पालट दोन्हींकडे सारखा आहे, आणि ग्रीकांतहि तोच आहे.

गीता ज्या घरांत आहे तेथें ती उघडून चवथ्या अध्यायाचा पांचवा श्लोक काढावा. भगवान् अर्जुनास सांगतात कीं तुझे माझे जन्म पुष्कळ होऊन गेले, ते मला माहीत आहेत, तुला नाहींत. तेथें भगवंतांनीं आपल्याविषयीं ‘वेद’ आणि अर्जुनाविषयीं ‘वेत्थ’ असें म्हटलें आहे. हेंच संभाषण चौसराच्या इंग्रजींत झालें असतें, तर त्या दोन जागीं ‘वोट्’ आणि ‘वोस्ट्’ हींच रूपें आलीं असतीं. आणि तीं रूपें ‘वेद’ व ‘वेत्थ’ यांचींच सख्खीं भावंडें आहेत, प्रत्ययासकट. आमच्या वक्त्यांच्या हातीं हें रत्न येत होतें. तें सोडून त्यांनीं थंडीनें आखडलेली जीभ उचलली!

‘द’चा ‘ट’ थंडीनें होत नाहीं. तो नियमानें होतो, आणि त्या नियमाची मांडणी याकोब ग्रिमनें १८२२ सालीं केली. ‘दश’ आणि ‘टेन’, ‘द्वौ’ आणि ‘टू’, ‘अद्’ आणि ‘ईट’, ‘पद्’ आणि ‘फुट’: जेथें संस्कृतांत ‘द’ तेथें इंग्रजी वंशांत ‘ट’. हा फेर ज्या काळीं झाला त्या काळीं त्या लोकांचा व आमचा कांहींएक संबंध उरलेला नव्हता. इंग्रजीनें संस्कृतापासून शब्द घेतला म्हणजे काय होतें हें पहावयाचें असेल, तर तेंहि उदाहरण समोर आहे. इंग्रजांनीं ‘पंडित’ घेतला. त्याचा उच्चार ‘पंडिट’ असा ‘ड’मध्यें राहिला, ‘पंटिट’ झाला नाहीं. त्यांनीं ‘वेद’ हें ग्रंथनाम घेतलें; तें इंग्रजींत ‘वेद’च आहे, ‘वेट’ नाहीं. म्हणजे एकाच भाषेंत उसना ‘वेद’ आणि वारशाचा ‘वॉट’ दोन्हीं होते, आणि दोहोंचे चेहरे निरनिराळे होते. मराठी माणसास हें समजण्यास ग्रिमचीहि गरज पडूं नये. ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’ हे दोन्हीं शब्द आमच्या घरांत आहेत. एक पोथींतून घेतलेला, दुसरा बापजाद्यांच्या तोंडून आलेला. कोणता कसा आला हें त्यांच्या रूपावरून शाळकरी पोरहि सांगेल.

शिवाय संस्कृत ही जर सर्वांची आई, तर तिच्याच पोटांत निराळी साक्ष कां असावी? ‘कृ’चें ‘ककार’ न होतां ‘चकार’ कां होतें? व्याकरण नियम सांगतें, कारण सांगत नाहीं. कारण १८७० नंतरच्या दशकांत पंडितांस सांपडलें: त्या पहिल्या अक्षरांत एकेकाळीं ‘अ’ नसून ‘ए’ होता, त्या तालव्य स्वराच्या ओढीनें ‘क’चा ‘च’ झाला, आणि मागाहून ‘ए’ लोपून ‘अ’ झाला. ग्रीकांत तो ‘ए’ अजून जागेवर आहे. आई जी गोष्ट गमावून बसली ती लेकीजवळ कशी राहिली? अर्थ उघड आहे कीं दोघी बहिणी असून आई तिसरीच कोणी होती, आणि ती कधींच निवर्तली. सर विल्यम जोन्सनें २ फेब्रुवारी १७८६ रोजीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें हेंच सुचविलें होतें. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं १८७७ सालीं संस्कृत व तिजपासून निघालेल्या भाषा यांवर विल्सन व्याख्यानें दिलीं, तेव्हां या नव्या शास्त्राचा त्यांनीं मनमोकळेपणानें उपयोग केला; आणि त्यांच्या संस्कृतनिष्ठेविषयीं शंका घेण्याची कोणाची छाती आहे?

हें वाचून विरुद्ध पक्षाचे कांहीं गृहस्थ खूष होतील, म्हणून त्यांच्याकडेहि वळणें प्राप्त आहे. यांच्या मतें मेलेल्या शब्दांची चौकशी ही रिकामटेकड्यांची करमणूक. जें मागें पडलें तें मागासलेलें होतें म्हणूनच पडलें. या पंथाचा मूळपुरुष मेकॉले. त्यानें शिक्षणविषयक टिपण लिहिलें त्याची तारीख २ फेब्रुवारी १८३५. म्हणजे जोन्सच्या भाषणास बरोबर एकोणपन्नास वर्षें पुरीं झालीं तो दिवस! आपणांस संस्कृत किंवा अरबी येत नाहीं हें त्या टिपणांत त्यानें स्वतःच कबूल केलें आहे, आणि तरीहि युरोपीय ग्रंथांचें एक कपाट या दोन्हीं भाषांतील सगळ्या वाङ्मयापेक्षां जड ठरविलें आहे. तें राहो. सात वर्षांनीं, १८४२ सालीं, त्यानें प्राचीन रोमवरील पोवाडे छापले. एके काळीं आमच्या इकडील इंग्रजी शाळांतहि मुलांनीं ते घोकले. त्यांतील होरेशसाच्या पोवाड्यांत जुनेपणाचा वास यावा म्हणून त्यानें ‘आय् विस’ असे शब्द घातले आहेत. आतां जुन्या इंग्रजींत ‘इविस’ असा एकच शब्द होता. तें अव्यय, अर्थ ‘खचित’, जर्मन ‘गेविस’चा भाऊ. लेखकांनीं व मुद्रकांनीं त्याचे दोन तुकडे केले, पहिल्या तुकड्यास मोठें अक्षर मिळालें, आणि लोकांस वाटूं लागलें कीं हें ‘मी जाणतों’ असें वाक्य आहे. असें क्रियापद इंग्रजींत कधीं नव्हतेंच! मेकॉलेच्या मनांत कोणता अर्थ होता तें तोच जाणे. छापला मात्र त्यानें तो तुकडे केलेला शब्द, मोठ्या अक्षरासकट. ज्याच्या स्वतःच्या भाषेंतील ‘जाणणें’ अशा संशयांत सांपडलें, त्याच्या कपाटाच्या वजनावर आमच्या कित्येक पिढ्यांनीं विश्वास ठेविला.

आणि हें क्रियापद मागासलेलें म्हणून मेलें हेंहि खोटें. तें एकटें पडून मेलें. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ हीं त्याचींच विचित्र रूपांचीं सोबतीं. पण त्यांनीं दुसऱ्या क्रियापदांची चाकरी पत्करली, साहाय्यकें झालीं, म्हणून वांचलीं. ‘विट्’ कोणाचें साहाय्यक झालें नाहीं. मग त्याचीं रूपें बोलणारांस परकीं वाटूं लागलीं. ‘वॉट’ हेंच मूळ समजून त्यास नवे प्रत्यय जोडण्यांत आले. १६११ च्या बायबलांत योसेफ आपल्या धन्याविषयीं बोलतांना ‘वॉटेथ’ म्हणतो. ‘वात्’ला कधीं प्रत्यय लागत नसे हें त्या विद्वान भाषांतरकारांसहि उमगलें नाहीं. मरणापूर्वीं माणूस नातलगांस ओळखीनासा होतो. येथें नातलगच त्याला ओळखीनासे झाले. त्याच बायबलांत यरुशलेमच्या मंदिरांत सांपडलेला बारा वर्षांचा येशू आईबापांस ‘तुम्हांला माहीत नव्हतें काय’ असें ‘विस्ट’ वापरून विचारतो. १८८१ सालीं नवा करार सुधारून निघाला तेव्हां इंग्लंडच्या मंडळीनें तें ‘विस्ट’ राहूं दिलें. अमेरिकन मंडळीनें आपली हरकत परिशिष्टांत नोंदविली आणि १९०१ च्या आपल्या आवृत्तींत तें काढून टाकलें. हौशी कवींनीं ‘गॉड वॉट’ म्हणजे ‘देव जाणे’ हें पालुपद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत इतकें आळविलें, कीं पुढें असल्या खोट्या जुनेपणास ‘गॉडवॉटरी’ असें कुचेष्टेचें नांव पडलें. आज वकिलांच्या कागदांत ‘टु विट्’ म्हणजे ‘म्हणजेच’, आणि ‘अनविटिंग’ म्हणजे अजाणतां केलेलें, एवढीच त्याची मालमत्ता उरली आहे. नाम मात्र गबर झालें, आणि त्याचा अर्थ शेवटीं थट्टामस्करीपर्यंत जाऊन पोहोंचला.

आतां प्रश्न आमचा. ‘विद्’ धातूचें क्रियापद मराठींत कोठें आहे? विद्या आहे, विद्वान् आहे, विद्यापीठें तर उदंड आहेत. पण ‘मी अमुक वेत्तों’ असें कोणी मराठी माणूस म्हणत नाहीं. आम्हीं ‘ज्ञा’ राखला, त्याचें ‘जाणणें’ केलें. इंग्रजांनींहि ‘ज्ञा’चाच भाऊ राखला, तो ‘नो’, ज्याच्या आरंभींचा मुका ‘क’ हा आमच्या ‘ज्ञ’मधील ‘ज’चा सोबती. म्हणजे ज्या क्रियापदाचा अपभ्रंश केल्याबद्दल इंग्रजांस हिणवावयाचें, तें क्रियापद दोघांनींहि गमावलेलें आहे! आणखी पहा. जुन्या इंग्रजींत ‘माहीत नाहीं’ याला नकार चिकटवून ‘नात्’ असें एकजीव रूप होतें. आमच्याकडे ‘न’ आणि ‘जाणणें’ मिळून ‘नेणणें’ झालें. ज्ञानेश्वरांपासून तुकारामांपर्यंत हें क्रियापद केवढ्या दिमाखानें वावरलें! आज ‘नेणता’ एवढा एक शब्द ‘जाणता’च्या आधारानें कसाबसा उभा आहे. ‘मी नेणें’ असें पत्रांत लिहिलें तर वाचणारा तें छपाईची चूक समजेल. या मृत्यूबद्दल त्या सभागृहांत कोणी हळहळलें नाहीं.

यापेक्षां अधिक काळजीची गोष्ट पुढेंच आहे. इंग्रजांनीं तीन घरांचीं दोन केलीं व ‘नो’ला सगळीकडे राबविलें. आमचीं घरें अद्यापि शाबूत आहेत. वस्तुस्थिति आम्हांस माहीत असते किंवा ठाऊक असते. माणसास आम्ही ओळखतों. गणित आम्हांस कळतें. पोहणें आम्हांस येतें. आणि एखाद्याचें मन आम्ही जाणतों. प्रत्येक ठिकाणीं क्रियापद निराळें, आणि कित्येक ठिकाणीं तर कर्ताहि बदलतो: पोहणें आम्हांकडे येतें, आम्ही तिकडे जात नाहीं. पण इंग्रजीवरून घाईनें उतरविलेलें मराठी वृत्तपत्र किंवा जाहिरात उघडा. तेथें ‘तो पोहणें जाणतो’, ‘ती मला जाणते’, ‘तुम्ही हें गाणें जाणतां काय’ असलीं वाक्यें निःशंक फिरत असतात. इंग्रजीची पडकी भिंत पाहून आम्ही आमच्या धड भिंती पाडावयास निघालों आहों. ‘जाणणें’ हा शब्द आमचाच, गोड आणि जुना. त्याच्याकडून परक्याच्या घरचीं सगळीं कामें करवून घेणें हा त्याच्यावर अन्याय, आणि त्यामुळें ‘ओळखणें’, ‘येणें’ यांना बेकारी. आमच्या ओळखीचीं मुलें घरीं ‘आजीला ओळखतेस ना?’ असा प्रश्न ऐकतात आणि शाळेच्या वहींत ‘मी आजीला जाणते’ असें लिहून आणतात. गुरुजी त्याखालीं बरोबरची खूण करतात.

व्याख्यान संपल्यावर आम्ही व्यासपीठाशीं गेलों. ‘वेद’ आणि ‘वोट्’ यांविषयीं, ‘वेत्थ’विषयीं दोन शब्द बोलावे, आणि जमल्यास पुढच्या व्याख्यानांत तें सांगण्याची विनंति करावी, असा हेतु होता. गर्दी फार होती. संयोजकांपैकीं एकानें आमचें नांव सांगून ओळख करून द्यावयास आरंभ केला, तोंच वक्त्यांनीं हंसून आमचा हात हातांत घेतला आणि म्हटलें, “अहो, सांगावयास कशाला हवें! यांना मी चांगलें जाणतों.”